‘आधी रिपोर्ट आणा’ : महामारीत पक्षाघाताचा रुग्ण दारातच का अडकला?

मे २०२० मधली गोष्ट. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या आमच्या वस्तीत सकाळी साडेसहाला पाणी आले, तेव्हा आत्यांनी दोन हंडे स्वतः भरले. शेजारच्या ताईंशी बोलल्या, विहारातून वाटलेले रेशन कुणाला मिळाले आणि कुणाला नाही याची विचारपूसही केली. सात वाजता चहाचे आधण ठेवताना त्यांच्या हातातून पातेले पडले. सुनेने काय झाले म्हणून विचारले, तर शब्द तोंडातल्या तोंडात राहिला. उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढले गेले होते.

घरातले म्हणाले, “अंगावरून वारं गेलं.” तेल कोमट करून हातापायाला चोळले. कुणी साखरपाणी पाजले, ते निम्मे बाहेर आले. पाऊण तासाने थोरल्या मुलाने १०८ ला फोन लावला. त्या दिवसांत रुग्णवाहिका कोविडच्या रुग्णांमागे धावत होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी निर्जंतुक करावी लागत होती. गाडी यायला नऊ वाजले. पहिल्या खासगी रुग्णालयाच्या फाटकावरच विचारले गेले, “कोरोनाचा रिपोर्ट आहे का? एरिया कुठला?” मुलाने वस्तीचे नाव सांगितले. आमची गल्ली कंटेनमेंट झोनमध्ये होती. फाटक उघडलेच नाही. दुसऱ्या ठिकाणी सीटी स्कॅनचा तंत्रज्ञ क्वारंटाइन झाला होता, म्हणून मशीन बंद. तिसरे होते मोठे सार्वजनिक रुग्णालय. तिथे पोहोचेपर्यंत पावणेअकरा झाले. अंग थोडे गरम लागले म्हणून आत्यांना आधी संशयित कोविडच्या कक्षात नेले, नाकातला नमुना घेतला आणि थांबायला सांगितले. सीटी स्कॅन झाला तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. मेंदूत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी मुलाला सांगितले की यावर एक इंजेक्शन आहे, पण त्याची वेळ साडेअकरालाच संपली.

कोरोनाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. निगेटिव्ह.

आत्यांचा जीव वाचला. त्यांचा उजवा हात आजही उचलत नाही. बोलतात ते चार-पाच शब्द, आणि त्यातला ‘हो’ कधी हो असतो, कधी नाही असतो. २०२१ मध्ये दुसरी लाट ओसरत होती आणि तिसरीची चर्चा रोज कानावर येत होती. अशा वेळी त्या सात तासांत काय काय चुकले ते समजून घेणे गरजेचे वाटले, म्हणून हे लिहिले. चुकलेल्यांत आम्हीही होतो. ते पुढे सांगू.

वारं जातं म्हणजे नेमके काय होते

वारं, लकवा, अर्धांग, पक्षाघात, काहीही म्हटले तरी बिघाड हातापायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. दर पाचांत साधारण चार रुग्णांमध्ये गुठळीच असते, बाकीच्यांत रक्तस्राव. रक्त पोहोचले नाही की मेंदूच्या पेशी लगेच मरायला लागतात. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी जातात, असा अमेरिकेतल्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब जगभर सांगितला जातो. पाऊण तास तेल चोळण्यात गेला, तेव्हा किती पेशी गेल्या याचे गणित वाचकांनीच करावे.

गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन शिरेतून देतात. ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या साडेचार तासांतही जितके लवकर तितका गुण जास्त. मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार घालून ओढून काढण्याची सोय काही मोजक्या रुग्णालयांत आहे. तिची मुदत साधारण सहा तास, आणि तपासणीत मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर काही रुग्णांत २४ तासांपर्यंत.

पण हेच गुठळीचे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या माणसाला दिले तर तो दगावू शकतो. बाहेरून बघून दोन्हींतला फरक कुणालाही ओळखता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असो. तो फरक स्कॅनमध्येच दिसतो. म्हणून पक्षाघाताच्या रुग्णासाठी रुग्णालय निवडताना पहिला प्रश्न सीटी स्कॅनचा. जिथे ते मशीन नाही तिथे गेलेला वेळ वायाच जातो, मग तिथले डॉक्टर कितीही चांगले असोत.

लक्षणे ओळखायला शिक्षण लागत नाही. माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का बघा. दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक खाली येतो का बघा. एखादे साधे वाक्य बोलायला सांगा. यातले एक जरी अचानक बिघडले असेल तरी निघायचे. अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे, कधी झाली नव्हती इतकी जबरदस्त डोकेदुखी, हीसुद्धा लक्षणे आहेत. आणि दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी जायचेच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. महामारीत घरी थांबलेले सर्वांत जास्त लोक याच प्रकारातले होते. हात थोडा जड झाला होता, मग बरे वाटले, रुग्णालयात गेलो तर उलट कोरोना लागेल, असे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले.

भीती नुसती आपल्याकडेच होती असे नाही. ४० देशांतल्या १८७ स्ट्रोक केंद्रांची आकडेवारी एकत्र करून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महामारीच्या पहिल्या तीन महिन्यांत पक्षाघाताने दाखल होणाऱ्यांची संख्या त्याआधीच्या तीन महिन्यांपेक्षा सुमारे १९ टक्क्यांनी घटली होती. रोग घटला म्हणून हे झाले नाही. उलट कोविडमध्ये रक्त गोठण्याचे प्रमाण वाढते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो, हे डॉक्टरांना तोवर दिसू लागले होते. रुग्ण होते, ते रुग्णालयापर्यंत आले नाहीत.

आमच्याकडे आणखी एक कारण होते, त्याची चर्चा कमी झाली. टाळेबंदीत पालिकेच्या दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या अनेकांच्या तुटल्या. लोकल २३ मार्चपासून बंद, रिक्षा बंद, आणि ज्यांच्या घरात रोजची कमाई थांबली होती त्यांनी मेडिकलमधून गोळी विकत घेण्याआधी तांदूळ घेतले. आत्यांच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. आम्ही त्या काळात घरोघर रेशन पोहोचवत होतो. पिशवीत तेल, डाळ, साबण सगळे होते. गोळ्या संपल्या का, हे विचारायचे आमच्या कुणाच्याही डोक्यात आले नाही.

फाटकावरचा प्रश्न

आता त्या ‘रिपोर्ट आणा’कडे येऊ. रुग्णालयांची बाजू आधी समजून घेतली पाहिजे. एप्रिल-मे २०२० मध्ये एखादा बाधित रुग्ण नकळत आत आला की डझनभर परिचारिका आणि डॉक्टर एकदम विलगीकरणात जात होते. मुंबईतली काही खासगी रुग्णालये त्यामुळे पूर्ण बंद ठेवावी लागली. पीपीई किट पुरेसे नव्हते. सेंट जॉर्ज, जी.टी. आणि नायर कोविडसाठी राखून ठेवल्यावर बाकीच्या आजारांचा भार केईएम आणि सायनसारख्या रुग्णालयांवर आला, आणि त्यांच्याकडेही कोविडचे रुग्ण होतेच. कॅज्युअल्टीतली परिचारिका काही दुष्ट नव्हती. तिच्याही घरी लहान मूल होते.

हे सगळे मान्य केले तरी रिपोर्टसाठी थांबवणे वैद्यकीयदृष्ट्या चूकच होते. आरटीपीसीआरचा निकाल तेव्हा एक-दोन दिवसांनी येत होता आणि इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. या दोन आकड्यांचा मेळ बसूच शकत नाही. वेगळी वाट शक्य होती आणि ती लिहूनही झाली होती. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०२० च्या सुरुवातीच्याच महिन्यांत ‘प्रोटेक्टेड कोड स्ट्रोक’ नावाची पद्धत मांडली. तिचा अर्थ अगदी साधा आहे. पक्षाघाताचा रुग्ण बाधित असण्याची शंका असेल तर तो बाधित आहे असे धरूनच चला. रुग्णाला मास्क लावा, आत जाणारी माणसे कमीत कमी ठेवा आणि त्यांना पूर्ण संरक्षक पोशाख द्या, सीटी स्कॅन लगेच करा, नमुना घ्या, पण निकालाची वाट न बघता उपचार सुरू करा. बाधित आहे की नाही ते नंतर कळेल आणि त्याप्रमाणे वॉर्ड ठरेल. शंका आल्यावर थांबायचे नाही, शंका गृहीत धरून काम करायचे.

आपल्याकडेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे आपण सगळे घरातच दिवे लावून बाबासाहेबांची जयंती साजरी करत होतो त्या दिवशी, अत्यावश्यक आरोग्यसेवा सुरू ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. कागद होता. फाटकावरच्या सुरक्षारक्षकापर्यंत तो पोहोचला नाही. रात्रपाळीला बारा तास उभ्या असलेल्या, कंत्राटी, कुठलेही वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या माणसावर ‘कुणाला आत सोडायचे’ हा निर्णय टाकला गेला. समाजशास्त्रात आम्ही जे शिकलो त्यातले बरेच विसरलो, पण एक लक्षात राहिले : संस्थेचे खरे धोरण तिच्या सर्वांत खालच्या पायरीवरचा कर्मचारी रोज काय करतो त्यात दिसते.

आणि ‘एरिया कुठला?’ हा दुसरा प्रश्न. पत्ता ऐकून चेहरा बदलतो, हे आमच्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. संसर्गाच्या काळात कंटेनमेंट झोनची माहिती घेणे योग्यच होते. पण ती माहिती काळजी कशी घ्यायची हे ठरवण्यासाठी होती, दार लावण्यासाठी नव्हती. दहा बाय बाराच्या खोल्या आणि सार्वजनिक शौचालये असलेल्या वस्त्याच आधी झोन झाल्या, त्यामुळे पत्त्यावरून अडवले जाणारे कोण असणार हे ठरलेलेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सोशल डिस्टन्सिंग’ऐवजी शारीरिक अंतर म्हणा असे सुचवले होते. आपल्या देशात तो शब्द कुणी फारसा बदलला नाही. सामाजिक अंतराची सवय जुनी आहे.

त्या दिवशी गल्लीतही एक क्षण असा आला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि आत्यांना उचलून तिथपर्यंत न्यायचे होते. कोरोना असेल तर, या भीतीने चार पावलांवर लोक थबकले. शेवटी विहारातली दोन मुले रुमाल बांधून पुढे झाली. विनयपिटकाच्या महावग्गातली कथा आपल्या बहुतेकांना माहीत आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्खूजवळ कुणी जात नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली. त्या मुलांना ती कथा ठाऊक होती की नाही, आम्ही विचारले नाही. एकाला पुढे पंधरा दिवस घरच्यांनी माळ्यावर झोपवले.

कायदा काय म्हणतो

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावेत. पहिला १९८९ चा, परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस आहे, आम्हाला असे रुग्ण घेण्याची परवानगी नाही, असे सांगून त्याला वीस किलोमीटर लांबच्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी लगेच उपचार करणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि कोणतीही कागदोपत्री औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. तेव्हा पोलिसांचा कागद आडवा आला होता, २०२० मध्ये कोरोनाचा.

दुसरा १९९६ चा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ मध्ये आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने हा संविधानाच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली, आणि पैशांची कमतरता हे सबब म्हणून राज्याला पुढे करता येणार नाही असेही बजावले. हकीम शेख एकटा न्यायालयात गेला नव्हता, त्याच्यामागे त्याची संघटना होती. हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात याला जोडून आणखी तरतुदी आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी, यांत मुंबई-पुण्यातली काही मोठी पंचतारांकित नावे येतात, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे तातडीच्या वेळी अनामत न मागता रुग्ण आत घ्यावा लागतो आणि तो स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावे लागतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यात रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणे बंधनकारक केले. आपल्या भागातल्या कुठल्या रुग्णालयात ती लावली आहे हे बघून यायला हरकत नाही. मास्क लावून जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण होते, आणि मे २०२० मध्ये राज्य सरकारने पिवळ्या-केशरी कार्डाची अट शिथिल करून सर्वच नागरिकांना त्यात घेतले. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. तातडीच्या रुग्णासाठी त्याने फोनवरून पूर्वसूचना दिली की उपचार सुरू करता येतात, रेशनकार्ड-आधार मागाहून दिले तरी चालते. हे वाक्य मुद्दाम लिहिले, कारण रेशनकार्ड शोधण्यात अर्धा तास घालवलेली दोन घरे आमच्या पाहण्यात आहेत. योजनेचा नंबर १५५३८८.

मात्र एक खरे सांगायला हवे. फाटकावर निकालांची नावे घेऊन भांडत बसले तर घड्याळ थांबत नाही. भांडणारा एक आणि पुढच्या रुग्णालयात फोन करणारा दुसरा, अशी वाटणी करावी. ज्याने अडवले त्याचे नाव, वेळ आणि तो काय म्हणाला ते लिहून ठेवावे. तक्रार नंतर करता येते, आणि करायलाच हवी.

आमची चूक

आठ वाजता सुनेचा आम्हाला फोन आला होता. आम्ही तिघे पुढचे दोन तास फोनला चिकटलो होतो. हेल्पलाइन, ओळखीचे नगरसेवक, एक पत्रकार मित्र. सगळ्यांना एकच विचारत होतो, “बेड आहे का?” त्या काळात तोंडात तोच शब्द बसला होता. ज्याला त्याला आम्ही कोविडचीच खाट शोधतोय असे वाटत होते आणि तेही त्याप्रमाणे उत्तरे देत होते. वास्तविक आम्ही विचारायला हवे होते की तुमच्याकडे सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का, गुठळीचे इंजेक्शन देणारा डॉक्टर आत्ता हजर आहे का, आणि पक्षाघाताचा रुग्ण चाळीस मिनिटांत येतोय, सात वाजता सुरू झालंय, असे त्यांना आधी कळवायला हवे होते. रुग्ण निघाल्याचा फोन आधी गेला तर तंत्रज्ञ, पोशाख आणि खोली तयार ठेवता येते. महामारीत तर याची दुप्पट गरज, कारण पोशाख चढवायलाच दहा-पंधरा मिनिटे जातात.

‘सात वाजता सुरू झाले’ हेही कुणी सांगितले नाही. कॅज्युअल्टीत मुलगा म्हणाला, “सकाळपासून.” सकाळपासून म्हणजे कधीपासून? डॉक्टरला इंजेक्शनचा निर्णय घेण्यासाठी रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लागते. झोपेतून उठतानाच लक्षणे असतील तर झोपायला गेला ती वेळ धरतात. ही वेळ हातावर पेनाने लिहा, बॉलपेन चालते.

बाकी घरात काय करायचे आणि काय नाही ते थोडक्यात सांगतो. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि ते श्वासनळीत जाते. कुशीवर झोपवा. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवतात ती गोळी इथे देऊ नका, तिने रक्तदाब एकदम पडतो. ॲस्पिरिनही सीटी स्कॅनच्या आधी नाही. रोजच्या गोळ्यांचे पाकीट आणि जुने कागद हाताला लागले तर सोबत घ्या, नाहीतर निघा. आधीपासून मधुमेह असेल तर ते गाडीतल्या डॉक्टरला सांगा, साखर उतरल्यानेही अशीच लक्षणे दिसतात आणि ती बोटाच्या थेंबावर एका मिनिटात तपासता येते. खोकला, ताप किंवा घरात कुणी बाधित असेल तर तेही लपवू नका. लपवले की नंतर कळल्यावर सगळे काम थांबते.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ग्रामीण रुग्णालयात बहुधा सीटी स्कॅन नसतो. तिथे नेऊन सलाइन लावून घेण्यात दोन तास घालवण्यापेक्षा १०८ च्या डॉक्टरशी बोलून थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठावे, छत्रपती संभाजीनगरकडच्यांनी घाटी, नागपूरकडच्यांनी मेडिकल. जिल्हाबंदी आणि ई-पासच्या काळातही वैद्यकीय तातडीला मुभा होती. पुन्हा तशी वेळ आली तर नाक्यावर रुग्ण दाखवा आणि पुढे जा.

आणि तेल, मांत्रिक, कबुतराचे रक्त, लकव्याचे औषध देणारी गावे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हसून किंवा रागावून ते थांबत नाही. लोक तिथे जातात कारण तिथे कुणी रिपोर्ट विचारत नाही, पत्ता विचारत नाही आणि माणूस लगेच अंगाला हात लावतो. पण गुठळी चोळण्याने विरघळत नाही. काही रुग्ण तेलानंतर सुधारलेले दिसतात, ते आपोआप होणाऱ्या सुधारणेमुळे.

आता काय चालले आहे

आत्यांचा दुसरा तोटा नंतर झाला. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत फिजिओथेरपीचा गुण सर्वांत जास्त येतो, आणि नेमके ते तीन महिने ओपीडी बंद होत्या. एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मोबाइलवर व्हिडिओतून व्यायाम दाखवले. सून रोज दोन वेळा करून घ्यायची, मोबाइल कळशीला टेकवून. पाय त्यानेच चालता झाला. आत्या आता भिंतीला धरून दारापर्यंत येतात.

येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. त्यात धम्मग्रंथाचे वाचन होईल. महिला मंडळाने दर रविवारी वाचनानंतर दहा मिनिटे आम्हाला दिली आहेत. पहिल्या रविवारी ब्लडप्रेशरच्या गोळ्या कुणाच्या संपल्या याची यादी होईल, दुसऱ्या रविवारी हसणे, हात उचलणे, वाक्य बोलणे याचा सराव. विहाराच्या फलकावर आम्ही एक कागद लावला आहे. त्यावर चोवीस तास सीटी स्कॅन चालू असणारी चार रुग्णालये आहेत, त्यांच्या कॅज्युअल्टीचा थेट नंबर, इंजेक्शनची सोय आहे की नाही, फुले योजना आहे की नाही आणि रात्री दोन वाजता वस्तीतून तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात. ही मिनिटे आम्ही रिक्षाने जाऊन मोजली.

नंबर चालू आहेत का हे बघायला दर पंधरवड्याला फोन करतो. विचारतो, पक्षाघाताचा रुग्ण आहे, आत्ता निघालो तर घ्याल का? तीन ठिकाणी लगेच ‘या’ म्हणतात. चौथ्या ठिकाणी गेल्या बुधवारीही पहिला प्रश्न आला, “रिपोर्ट आहे का?” त्या नावापुढे पेन्सिलने खूण केली आहे, आणि तिथल्या अधीक्षकांना भेटायची वेळ मागितली आहे.